मूळ पंखा, टाकू नये

आमच्या माळ्यावर एक पंखा झोपलेला आहे. जुन्या गोधडीत गुंडाळून खोक्यात ठेवलेला, आणि खोक्यावर जाड पेनाने लिहिलेलं : 'मूळ पंखा. टाकू नये.' त्याच्या शेजारी रेडिएटर, तोही मूळ. मग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात छोट्या छोट्या पिशव्या. प्रत्येकीत दोनचार नटबोल्ट, वायसर, एखादी क्लिप आणि कुठला तुकडा कुठून निघाला याची चिठ्ठी. एका बाजूला नाताळच्या दिव्यांच्या माळा, दुसऱ्या बाजूला गणपतीचं मखर आणि मधे ही मंडळी, असा गेली चार वर्षं सगळ्यांचा एकत्र संसार चालला आहे. दर भाद्रपदात मखर काढायला वर चढलो की आधी पंखा हलवावा लागतो, आणि दर भाद्रपदात खाली शिडी धरून उभी असलेली बायको विचारते, "ह्याचं विसर्जन कधी?"

हे सामान ज्या गाडीचं, ती खाली गॅरेजात उभी असते. ट्रायम्फ स्टॅग, १९७३ची, चहात दूध कमी पडावं तसा तिचा रंग. आम्ही राहतो कॉव्हेंट्रीत आणि गाडीही इथलीच, कॅनली भागातल्या कारखान्यात बनलेली. कारखान्यातलं गाड्या जोडण्याचं काम १९८० साली थांबलं. म्हणजे ही गाडी गावात राहिलेली माहेरवाशीण, पण माहेर काही उरलेलं नाही.

स्टॅगचा जन्म थोडासा पळवापळवीतून झाला. इटालियन डिझायनर जोव्हानी मिकेलॉत्तीला प्रदर्शनात मांडायला एक देखणी गाडी करायची होती. त्यासाठी त्याने ट्रायम्फच्या हॅरी वेब्स्टरकडून एक वापरलेली सेडान मागून घेतली. तिची उघडी, ऐटदार गाडी झाली आणि ती वेब्स्टरला इतकी आवडली, की प्रदर्शनाला पाठवायचं सोडून त्याने ती कंपनीसाठीच ठेवून घेतली. १९७० साली स्टॅग बाजारात आली. २९९७ सीसीचं व्ही-८ इंजिन, चार जणांना बसायला जागा, छत काढलं तरी डोक्यावर एक आडवी कमान. (हिला स्पोर्ट्स कार म्हणावं की नाही यावर इथे पबमध्ये बसलेली दोन शहाणी माणसं एकमेकांशी आठवडाभर अबोला धरू शकतात. मी म्हणतो. छत उघडून चालवताना मला तसं वाटतं, तेवढं पुरे.) १९७१च्या 'डायमंड्स आर फॉरेव्हर'मध्ये जेम्स बाँडने ती चालवली. बाँड बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओततोय, असं दृश्य त्या चित्रपटात नाही.

कारण स्टॅगची खरी ख्याती त्याच बाबतीतली. ही गाडी तापते. १९७७ पर्यंत २५,८७७ स्टॅग बनल्या आणि त्यांतल्या कितीतरी रस्त्याच्या कडेला वाफा सोडत उभ्या राहिल्या. पुढच्या जाळीवर शिंगं असलेल्या हरणाचा बिल्ला आहे. हरीण आणि तहान यांचं नातं आपल्याकडे फार जुनं, पण कॉव्हेंट्रीत ते कुणाच्या लक्षात आलं नसावं.

ती का तापते हे समजायला मला इंजिनिअरिंगपेक्षा पुण्यातलं बालपण जास्त उपयोगी पडलं. आमच्या वाड्यात नळाच्या पाण्याचा जोर कमी झाला की पहिला नळ कोरडा पडायचा तो सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचा. खाली तळमजल्यावर बादल्या भरत असायच्या आणि वरून काकूंचा आवाज यायचा, "अहो, बंद करा की जरा!" स्टॅगच्या इंजिनात पाणी फिरवणारा पंप नेमका जोशीकाकूंच्या मजल्यावर बसवला आहे. व्ही आकारातल्या सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मधे, पार वरती. कुठेतरी एखादी क्लिप सैल होते, थोडं पाणी गळतं, पातळी चार बोटं खाली जाते आणि पंपाच्या तोंडी पाण्याऐवजी हवा येते. हवा काही फिरत नाही. खाली पाणी आहे, ते जागच्या जागी उकळतं.

त्यात भर म्हणून इंजिनाचा ब्लॉक लोखंडी आणि वरची हेड ॲल्युमिनियमची. दोन वेगळे धातू आणि मधे पाणी, म्हणजे गंज चढायला आयती सोय. म्हणून त्यात गंजरोधक कूलंट घालायचं असतं आणि ते वेळेवर बदलायचं असतं. पण गाडी तिसऱ्याचौथ्या मालकाकडे गेली की पाण्यासाठी स्वयंपाकघरातला नळ पुरतो. शिवाय कारखान्यातून निघतानाच कित्येक ब्लॉकमध्ये ओतकामाची वाळू राहून गेलेली असायची. गंजाचा गाळ आणि ही वाळू मिळून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात. माझ्या गाडीचा रेडिएटर काढून उलटा धरला तेव्हा त्यातून जे बाहेर आलं, त्याचा रंग आणि दाटपणा पाहून बायको म्हणाली, "आमटी लागली वाटतं खाली."

सगळ्यात फसवा प्रकार काट्याचा. तापमान दाखवणारा काटा ज्या सेन्सरवर चालतो, तो पाण्यात बुडलेला असेल तर खरं बोलतो. पाणीच निघून गेलं की तो हवेत लोंबकळतो आणि काटा हळूहळू खाली येतो. आत इंजिन भाजून निघत असतं आणि चालक समाधानाने म्हणतो, "बघ, उतरला ताप." मृगजळ हा शब्द मी शाळेत पाठ केला होता, त्याचा अर्थ मला डॅशबोर्डवर कळला.

गाडी घेतली त्या पहिल्या उन्हाळ्यात मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ट्रॅफिकमध्ये अडकलो की काटा चढायचा आणि मी इथल्या जुन्या लोकांनी शिकवलेला उपाय करायचो, हीटर पूर्ण लावायचा. हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच. इंजिनातली थोडी उष्णता तो काढून घेतो आणि प्रवाशांच्या पायावर सोडतो. तत्त्व अगदी बरोबर आहे. पण जुलैमध्ये, बाहेर तीस अंश असताना, रेशमी साडी नेसून कुणाच्या तरी मुंजीला निघालेल्या बायकोला ते तत्त्व समजावून सांगणं वेगळं.

तेव्हा मी पुण्याला मामांना फोन केला. मामांचं वय ८४. त्यांच्याकडे फियाट होती आणि सत्तरच्या दशकात आम्हा भाचरांना तिच्यात कोंबून ते मुंबईला न्यायचे. पुण्याहून जाताना घाट उतरायचा, त्यामुळे जाताना फुशारकी. येताना खोपोलीनंतर चढण सुरू झाली की मामा गप्प व्हायचे. वाटेत बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्यांची रांगच लागलेली असे, जणू सगळ्या मिळून आ करून डॉक्टरला घसा दाखवताहेत. डिकीत वनस्पती तुपाच्या मोठ्या डब्यात पाणी असायचं. मामा हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण पाव आटा फिरवायचे, फुस्स झालं की मागे सरकायचे आणि आम्हाला ओरडून सांगायचे, "लांब व्हा रे! कुकर आहे तो!"

आणि तो खरंच कुकर असतो. ते झाकण म्हणजे शिट्टीच. आत दाब राहिला की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, दाब एक पौंडाने वाढला की साधारण दीड अंश उशिरा उकळतं. झाकणाची स्प्रिंग सैल झाली तर बाकी सगळं धडधाकट असूनही गाडी उकळते. तीस वर्षं कुकर हाताळलेल्या कुठल्याही बाईला हे दोन वाक्यांत समजतं. मला तीन पुस्तकं लागली.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, थर्मोस्टॅट काढून टाक की!"

हा त्या पिढीचा रामबाण. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरच्या वाटेवरचा पहारेकरी. इंजिन गार असेपर्यंत दार बंद ठेवतो, पाणी तापलं की उघडतो. आपल्याकडच्या मिस्त्र्यांना हा पहारेकरी कधी पटलाच नाही. इथे थंडी कुठली, दार बंद कशाला, म्हणून नवी गाडी आली की पहिल्याच सर्व्हिसिंगला तो कचऱ्यात जायचा.

"मामा, इथे जानेवारीत उणे तीन होतं. थर्मोस्टॅट नसला तर इंजिन तापतच नाही, हीटरही गार हवा फेकतो."

"मग जानेवारीत घाल आणि मे महिन्यात काढ! स्वेटर घालतो-काढतो तसं. टाकून कुठे द्यायचाय?"

मामांना कल्पना नव्हती, पण जुन्या गाड्यांच्या जगात ज्यावरून हमरीतुमरी होते, तो मुद्दा त्यांनी स्वेटरात गुंडाळून हातावर ठेवला होता. बदल करा, पण काढता येईल असा करा.

कारण तसा न केलेला बदल काय करतो, याची उदाहरणं आमच्या परिसरात बरीच आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कित्येक मालक या तापाला इतके कंटाळले, की त्यांनी मूळ इंजिन उपटून रोव्हरचं व्ही-८ नाहीतर फोर्डचं व्ही-६ बसवलं. गाडी शांत झाली. मूळ इंजिन भंगारात गेलं. बसवलेलं इंजिन नीट मावावं म्हणून कुठे पत्रा कापला, कुठे ब्रॅकेट वितळवून काढली. आज त्याच गाड्यांना गिऱ्हाईक विचारतं, "मूळ इंजिन आहे का?" आणि नाही म्हटलं की आवाज खाली येतो, पाठोपाठ किंमतही. जवळच गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. तिथल्या जुन्या नोंदींवरून गाडीचा दाखला मिळतो. कधी बनली, रंग कुठला, इंजिनाचा नंबर काय. मी तो मागवून घेतला आणि आलेला कागद हातात धरून इंजिनावर ठोकलेला आकडा बॅटरीच्या उजेडात वाचला. जुळला. कुंडली जुळल्यावर मुलीच्या बापाला होतो तसा आनंद मला झाला.

म्हणून मी ठरवलं, गाडीचा ताप काढायचा, पण एकही नवं भोक पाडायचं नाही, एकही मूळ वायर कापायची नाही आणि निघालेला एकही तुकडा टाकायचा नाही.

हे व्रत मला नवं नव्हतं. सदाशिव पेठेतल्या त्या वाड्यात आम्ही ३१ वर्षं भाड्याने राहिलो आणि त्या काळात वडिलांनी भिंतीत एकूण तीन खिळे ठोकले. आधीच्या भाडेकरूचे दोन होते, ते धरून पाच. कॅलेंडर, देवाचा फोटो, आजोबांचा फोटो, घड्याळ आणि आरसा, एवढ्यांचीच सोय व्हायची. नवा फोटो आला की जुना उतरायचा. आईने कधी सहावा खिळा मागितला तर वडील म्हणायचे, "भिंत आपली नाही." जागा सोडली त्या दिवशी त्यांनी तीनही खिळे पकडीने काढले, भोकांत चुन्याची गोळी भरली, बोटाने गुळगुळीत केली आणि मग मालकांच्या हातात किल्ली दिली. मालकांनी पुढच्याच वर्षी वाडा पाडला, ही गोष्ट आम्ही घरात फारशी काढत नाही.

थोर लोकांचेही सहावे खिळे असतात. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रं सांभाळायला खास इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले, ते चांगलंच केलं. पण चित्रांवर लाखेचा लेपही दिला. तो पुढे पिवळा, काळपट पडत गेला आणि खालच्या रंगांना धक्का न लावता तो काढण्याचं काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांच्या पिढ्यांना पुरलं. हेतू उत्तमच होता. फक्त परतीचं तिकीट काढायचं राहिलं होतं. आता जुन्या वाहनांसाठीही ट्युरिनची सनद म्हणून एक जाहीरनामा आहे. त्यात हेच आहे, बदल करायचाच तर उलटवता येईल असा करा आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवा. बायकोला तो भाग मी वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्यात माळ्याचं भाडं कोण देणार ते लिहिलंय का?"

कामाला लागलो तो एप्रिल होता. ॲल्युमिनियमचा जाड गाभ्याचा रेडिएटर मूळच्याच बोल्टांवर बसला, तो भाग सोपा. पाण्याच्या पातळीसाठी एक टाकी पंपापेक्षा उंच बसवली, म्हणजे जोशीकाकूंच्या डोक्यावर गच्चीतली टाकी. ८२ अंशांचा नवा थर्मोस्टॅट टाकला. याने गाडी गार राहते असा पुष्कळांचा समज आहे. दार लवकर उघडतं एवढंच, पलीकडचा रेडिएटर तुंबलेला असेल तर दार उघडून पाहुणे जाणार कुठे?

खरी मजा पंख्याने आणली. मूळ पंखा इंजिनाच्याच जोरावर फिरतो, म्हणजे इंजिन मंद तर पंखाही मंद. सिग्नलला गाडी उभी राहिली, वारा बंद झाला, की नेमका तेव्हाच तो पेंगतो. विजेचा पंखा या भानगडीत नसतो, पाणी तापलं की पूर्ण जोराने फिरतो. तो बसवायला दुकानात प्लास्टिकचे पट्टे मिळतात, रेडिएटरच्या जाळीतून आरपार ओवायचे. दहा मिनिटांत काम होतं आणि हादऱ्यांनी दोन वर्षांत जाळी फाटते. मी रेडिएटरच्या मूळ बोल्टांवर बसेल अशी पट्टी करून घेतली. पंखा पंधरा-वीस अँपिअर खातो, एवढा भार पन्नास वर्षांच्या वायरींवर टाकणं म्हणजे आजोबांना सिलिंडर उचलायला लावणं. म्हणून बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, फ्यूज आणि रिले. सेन्सर बसवायला वरचा होज पाइप कापावा लागतो. मग मी दुसरा होज आणून तो कापला आणि गाडीवरचा अख्खा होज 'मूळ' अशी चिठ्ठी लावून माळ्यावर नेला.

"हा तर तुम्ही दोन वर्षांपूर्वी विकत आणलात," बायको म्हणाली.

"हो, पण काम सुरू झालं तेव्हा गाडीवर तोच होता."

"म्हणजे मूळ?"

यावर मी अजून विचार करतो आहे.

सगळं जोडून इंजिन चालू केलं. पंधरा मिनिटांनी पंखा घूं करून सुरू झाला आणि काटा निर्लज्जपणे वर चढतच राहिला. झाकण बदललं. गाडीचं नाक जॅकवर उचलून आत अडकलेली हवा काढली. काटा वरच. दोन संध्याकाळी अशा गेल्या. तिसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. उमेदीची वर्षं त्यांनी इथल्याच कारखान्यांत काढलेली. ते गाडीसमोर उभे राहिले, खिशातून कागदी रुमाल काढला आणि जाळीपुढे धरला. पंखा रेडिएटरच्या मागे असतो, त्याने बाहेरची हवा आत ओढायची असते, रुमाल जाळीला चिकटायला हवा. तो फडफडत आजोबांच्या चष्म्यावर आला.

"इंटरेस्टिंग," आजोबा म्हणाले.

या देशात ३० वर्षं राहून मला एवढं कळलं आहे, की इंग्रज माणूस 'इंटरेस्टिंग' म्हणाला की आपण काहीतरी अक्षम्य केलेलं असतं. मी दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. पंखा उलटा फिरत होता आणि इंजिनाची गरम हवा इमानेइतबारे पुढे ढकलत होता. आजोबा चष्मा पुसत परत गेले. वायरींची अदलाबदल करायला अर्धं मिनिट लागलं, कारण काहीच कायमचं केलेलं नव्हतं.

पाणी कमी झालं तर ओरडणारा एक बझरही बसवला, काट्याच्या मृगजळावर उतारा म्हणून. पहिल्याच फेरीत तो प्रत्येक राउंडअबाउटला ओरडला, कारण गाडी वळली की टाकीतलं पाणी एका अंगाला जायचं. आणि इंग्लंडमध्ये राउंडअबाउट किती, हे मला तोवर नीट मोजायला मिळालं नव्हतं. मग त्याला दहा सेकंद धीर धरायला शिकवणारा एक तुकडा मधे घातला.

जुलैमध्ये गेडनच्या एका मेळाव्याला निघालो आणि वॉरिकच्या अलीकडे तुंबलो. तीन रांगा गाड्या, वर ऊन, छत उघडं. काटा निम्म्याच्या थोडा पुढे गेला. बायकोने सवयीने पाय हीटरपासून लांब घेतले. मी काहीच केलं नाही, स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसलो. पुढून घूं आवाज आला. काटा तिथेच थबकला, मग पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा हळूच मागे सरकून बसला. मिनिटभराने पंखा थांबला. पुन्हा लागला, पुन्हा थांबला. चाळीस मिनिटं आम्ही तिथे होतो. एवढ्या आनंदाने ट्रॅफिकमध्ये बसलेलं दुसरं कुणी त्या रस्त्यावर नसावं. बायकोने डबा उघडून मला थालीपीठ दिलं आणि म्हणाली, "खा, गार झालंय. गाडीसारखं."

यंदाच्या भाद्रपदात मात्र शिडीवर ती चढली, माझा गुडघा दुखत होता म्हणून. वरून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाली, "अहो, ह्या सगळ्या चिठ्ठ्या तुम्ही मराठीत लिहिल्यात."

"मग?"

"मग, आपल्यानंतर गाडी घेणारा काय करणार?"

मी गप्प. गाडी पुढे कुणा तरी इंग्रजाकडेच जाणार, हे उघड आहे. मुलीला गाडीत रस नाही आणि मराठी वाचताना ती जोडाक्षरापाशी थांबते. चार वर्षं मी पुढच्या मालकासाठी एकेक वायसर जपत होतो आणि त्याला सूचना लिहीत होतो सदाशिव पेठेच्या भाषेत.

त्या संध्याकाळी डबा खाली आणून बसलो. प्रत्येक चिठ्ठीखाली इंग्रजीत लिहिलं. 'मूळ होज'पाशी जरा थांबलो आणि मग 'होज' एवढंच लिहिलं. चिठ्ठ्या संपल्यावर पंख्याच्या खोक्याची पाळी आली, पण मराठी अक्षरं मी इतकी मोठी काढली होती, की खाली लिहायला जागाच नव्हती.

"राहू दे तो," बायको म्हणाली. "गणपतीच्या मखराशेजारी आहे. देवाचं काहीतरी असेल म्हणून कुणी टाकायचं नाही."